वृक्षसमूह आणि दूरदृश्य (मुद्राचित्र)

'वृक्षसमूह आणि दूरदृश्य' हे डच चित्रकार रेम्ब्रांट फान राइन (१५ जुलै १६०६ – ४ ऑक्टोबर १६६९) याचे १६५२ सालचे मुद्राचित्र आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडून रेखाटण्याच्या ड्रायपॉइंट या पद्धतीने ते तयार केलेले आहे. उन्हात उभा असलेला दाट झाडांचा एक पुंजका, त्यात अर्धवट दडलेली झोपडीवजा इमारत आणि झाडीपलीकडे विरळ होत गेलेला दूरचा प्रदेश एवढाच त्याचा विषय आहे. रेम्ब्रांटच्या बहुतेक निसर्गविषयक मुद्राचित्रांत अम्लरेखन म्हणजे एचिंग हे मुख्य तंत्र असून ड्रायपॉइंटचा उपयोग पूरक म्हणून केलेला आढळतो. हे चित्र मात्र केवळ ड्रायपॉइंटमध्ये केलेले आहे. सावलीचा मखमली काळेपणा आणि कोऱ्या कागदातून प्रकटणारा उजेड यांमुळे या तंत्राचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी ते उत्तम उदाहरण ठरते. तंत्राची मर्यादाही त्यातून तितकीच स्पष्ट होते, कारण हा काळेपणा मोजक्याच छापांपुरता टिकतो आणि तो गेला की चित्रातील ऊनही मंदावते.

चित्राची माहिती

चित्रकार : रेम्ब्रांट फान राइन
वर्ष : १६५२
तंत्र : ड्रायपॉइंट, तांब्याचा पत्रा
अवस्था : २
आकार : पहिली अवस्था सुमारे १५६ × २११ मिमी, दुसरी अवस्था सुमारे १२४ × २११ मिमी
सूचिक्रमांक : बार्च २२२

नाव

चित्राचे प्रचलित नाव रेम्ब्रांटने दिलेले नाही. त्याने आपल्या मुद्राचित्रांना सहसा शीर्षके दिली नाहीत. आज रूढ असलेली नावे मुख्यतः अठराव्या शतकापासूनच्या सूचिकारांनी, चित्रात जे दिसते त्याचे वर्णन म्हणून दिलेली आहेत. व्हिएन्ना येथील आडाम बार्च याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत या चित्राला २२२ हा क्रमांक दिला. संग्रहालये आणि लिलावगृहे आजही रेम्ब्रांटच्या मुद्राचित्रांची ओळख बार्चच्या क्रमांकाने सांगतात.

पार्श्वभूमी

रेम्ब्रांटने सुमारे ३०० मुद्राचित्रे केली. बायबलमधील प्रसंग, व्यक्तिचित्रे, आत्मचित्रे आणि रस्त्यावरची माणसे हे त्यांतील प्रमुख विषय होत. निसर्गदृश्यांची संख्या त्या मानाने थोडी, सुमारे २५ एवढी आहे. ती बहुतांश १६४० ते १६५३ या काळातील आहेत. त्याची पत्नी सास्किया जून १६४२ मध्ये निधन पावली. त्यानंतरच्या दशकात ॲम्स्टरडॅम शहराबाहेरील वाटांवर, आम्स्टेल नदीच्या काठाने आणि बांध घातलेल्या सखल शेतजमिनींतून हिंडत त्याने अनेक रेखाटने केली. पवनचक्क्या, गवताने शाकारलेली घरे, कालवे, वाकड्या कुंपणांच्या रांगा आणि झाडांचे पुंजके हे त्यांचे विषय आहेत.

हा प्रदेश सपाट आहे. डोंगर नसल्याने क्षितिज खाली राहते आणि आकाश मोठे दिसते. अशा भूमीवर एखादे झाडही दुरून ठळकपणे नजरेत भरते. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी झाडाला चित्राचा नायक केले, त्यामागे भूगोलाचे हे कारणही आहे.

१६५२ हे वर्ष रेम्ब्रांटच्या आयुष्यात अस्थैर्याच्या उंबरठ्यावरचे होते. त्याच वर्षी इंग्लंड आणि डच प्रजासत्ताक यांच्यात युद्ध सुरू झाले व ॲम्स्टरडॅमच्या व्यापाराला त्याची झळ लागली. १६३९ मध्ये घेतलेल्या घराची रक्कम पूर्ण फिटलेली नव्हती. पुढे १६५६ मध्ये त्याला दिवाळखोरी पत्करावी लागली. प्रस्तुत चित्र त्याच्या अखेरच्या निसर्गविषयक मुद्राचित्रांपैकी आहे. त्यानंतर लवकरच त्याने मुद्राचित्रांतील हा विषय जवळजवळ सोडून दिला.

विषय व रचना

चित्रात घटना नाही. माणसांना त्यात महत्त्वाचे स्थान नाही, आणि आकाशात ढगांचे नाट्यही नाही. झाडांचा पुंजका जवळून पाहिल्यासारखा मोठा घेतलेला आहे. पर्णसंभाराच्या आत दाट सावली आहे. तिच्यात झोपडीवजा इमारत अशी मिसळून गेली आहे की प्रथमदर्शनी ती झाडीचाच भाग वाटावी. झाडांच्या कडेने नजर दूरवर जाते. तिथल्या रेषा पातळ आणि तुटक आहेत. पुंजक्याचा जडपणा आणि दूरदृश्याचा हलकेपणा यांतील विरोध हा या रचनेचा कणा आहे.

पाने एकेक करून काढलेली नाहीत. छोट्या वळणांच्या, झपाट्याने ओढलेल्या, एकमेकींवर चढणाऱ्या रेषांतून पानांच्या झुबक्यांचा भास निर्माण केलेला आहे. झाडाची जात ओळखता येणार नाही; पण पानांतून वारा जातो आहे आणि वरून ऊन पडते आहे, हे लगेच जाणवते. या मुक्त रेखाटनामुळे चित्राला टिपणवहीतील पानाचा ताजेपणा लाभला आहे. त्याची पहिली रेखाटणी प्रत्यक्ष दृश्यासमोर बसून थेट पत्र्यावर केली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ड्रायपॉइंटला आम्लाचे भांडे, तापवण्याची सोय किंवा मेणाचा थर यांपैकी काहीच लागत नाही. घासून गुळगुळीत केलेला पत्रा आणि एक सुई बरोबर असली की पुरते. त्यामुळे या मताला तंत्राचाही आधार मिळतो.

मुद्राचित्र छापताना पत्र्यावरील आकृतीची डावी-उजवी बाजू उलटते. दृश्य पाहून थेट पत्र्यावर रेखाटले असेल, तर छापातील दृश्य प्रत्यक्ष जागेच्या आरशातील प्रतिबिंबासारखे असते. असे स्थळ शोधू पाहणाऱ्याला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

ड्रायपॉइंट तंत्र

धातूच्या पत्र्यात खोलगट रेषा करून त्यांत शाई भरणे आणि दाबाखाली ती कागदावर उतरवणे, हे तत्त्व तीन जुन्या पद्धतींत समान आहे. रेषा कशी केली जाते, यावर त्यांतील फरक अवलंबून असतो.

उत्कीर्णनात ब्युरिन नावाचे टोकदार हत्यार तळहाताच्या जोराने पुढे ढकलतात. ते धातूची बारीक कातर काढत जाते. त्याची रेषा स्वच्छ, नियंत्रित आणि कडक असते. ती साधण्यास दीर्घ सराव लागतो.

अम्लरेखनात पत्र्यावर मेण, राळ वगैरेंचा पातळ थर देतात. सुईने फक्त तो थर खरवडून रेखाटतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. उघड्या पडलेल्या जागी आम्ल धातू खाते. येथे सुईला धातूचा विरोध होत नाही, त्यामुळे हात कागदावर लिहावे तसा मोकळा चालतो.

ड्रायपॉइंटमध्ये मधला थरही नाही आणि आम्लही नाही. कठीण पोलादी सुई तांब्यावर दाबून ओढली जाते. सुई धातू काढून टाकत नाही, तो बाजूला सारते. शेतात नांगर चालला की तासाच्या कडेला माती उलथून पडते, तसा रेषेच्या कडेला धातूचा सूक्ष्म, खरखरीत बांध उभा राहतो. या बांधाला 'बर' म्हणतात. उत्कीर्णनातही अल्प प्रमाणात बर उठते. परंतु तेथे ती खरवडून काढण्याची पद्धत आहे. ड्रायपॉइंटमध्ये ती मुद्दाम राखली जाते, कारण या तंत्राचे वैशिष्ट्य तिच्यातच आहे.

शाई लावून पत्रा पुसला की शाई रेषेच्या खोबणीत राहते, तशीच बरेच्या कपारीतही अडकून राहते. छापताना ती कागदावर पसरते आणि रेषेभोवती मऊ, काळी साय धरल्यासारखी छटा उमटते. ड्रायपॉइंटच्या छापाला मखमली म्हणतात ते या छटेमुळे. सुई सरळ धरली तर दोन्ही कडांना साधारण सारखी बर उठते. कलती धरली तर ती एका बाजूला अधिक उठते आणि रेषेची एक कड तीक्ष्ण व दुसरी धूसर होते. हाताचा दाब आणि सुईचा कल यांवर काळेपणा ठरतो. हात किती जोराने चालला, कोठे थबकला, कोठे उचलला गेला, याची नोंद धातूत जशीच्या तशी राहते. म्हणून ड्रायपॉइंटची रेषा भावनेला विशेष अनुकूल मानली जाते.

या तंत्राच्या अडचणीही आहेत. तांबे सुईला विरोध करते, त्यामुळे गोलाकार वळणे घेणे कठीण जाते आणि रेषा किंचित कोनदार होते. प्रस्तुत चित्रातील पर्णसंभाराच्या छोट्या, तुटक वळणांत या विरोधाचा उपयोग करून घेतलेला दिसतो. पाने सळसळल्याचा भास त्या तुटकपणातूनच येतो.

प्रकाशाची मांडणी

मुद्राचित्रकाराजवळ पांढरा रंग नसतो. तैलचित्रात ऊन दाखवण्यासाठी उजळ रंगाचा जाड लेप देता येतो. रेम्ब्रांट स्वतः तैलचित्रांत तो मुक्त हस्ते वापरत असे. मुद्राचित्रात मात्र प्रकाश म्हणजे कागदाचा न छापलेला भाग होय. झाडांवरचे ऊन काढायचे तर ते काढता येत नाही. त्याच्या भोवतीची सावली काढावी लागते.

प्रस्तुत चित्रात हे तीन प्रकारे साधलेले आहे. पहिला प्रकार म्हणजे काळेपणाचे केंद्रीकरण. झाडीच्या अंतर्भागात रेषा दाट आहेत आणि तिथली बर सर्वांत समृद्ध आहे. त्या काळोखाच्या शेजारचा कोरा कागद मुळात आहे त्याहून अधिक उजळ भासतो.

दुसरा प्रकार म्हणजे बाह्यरेषा मोकळ्या सोडणे. उन्हात असलेल्या बाजूला पानांची कड अखंड रेषेने बंदिस्त केलेली नाही. तिथे रेषा तुटते आणि आकाशाचा कोरेपणा पर्णसंभारात शिरतो. प्रखर उन्हात पाहताना झाडाची कड डोळ्यांना अशीच विरघळल्यासारखी दिसते.

तिसरा प्रकार म्हणजे सावलीत सोडलेल्या फटी. दाट भागातही रेषांच्या मधून कागदाचे बारीक ठिपके उघडे राहतात. झाडाखाली पडणाऱ्या कवडशांसारखे ते काम करतात. रेषा कोरड्या, सरळ व समांतर असत्या तर हे ठिपके जाळीच्या भोकांसारखे दिसले असते. बरेच्या मऊ कडांमुळे ते उजेडाचे वाटतात.

दोन अवस्था

मुद्राचित्राच्या पत्र्यात बदल करून पुन्हा छाप घेतले, की त्या प्रत्येक टप्प्याला 'अवस्था' म्हणतात. या चित्राच्या दोन अवस्था ज्ञात आहेत.

पहिल्या अवस्थेत पत्रा अधिक उंच आहे. दृश्याची मांडणी मोजक्या, उतावीळ वाटाव्यात अशा रेषांनी केलेली असून बराच भाग कोरा आहे. सही व वर्ष नाही. नंतर पत्रा कापून त्याची उंची सुमारे ३ सेंटिमीटरने कमी करण्यात आली, पर्णसंभार भरीव करण्यात आला आणि रेम्ब्रांटची सही व १६५२ हे वर्ष कोरण्यात आले. ही दुसरी अवस्था होय.

दोन्ही अवस्था शेजारी ठेवल्या की चित्रकाराचा विचार उलगडतो. पहिल्या अवस्थेत दृष्टी जागेची नोंद घेते. दुसऱ्या अवस्थेत रिकामी जागा कमी होऊन चौकट आडवी व आटोपशीर झाली आहे आणि झाडीचे वजन वाढले आहे. सावली वाढवल्यामुळे उरलेला उजेड अधिक प्रखर झाला आहे. पहिल्या अवस्थेतही रेम्ब्रांटने छाप घेतले, यावरून अपूर्ण वाटणाऱ्या टप्प्यालाही तो मोल देत होता असे दिसते.

कागद आणि पुसणी

छापाचे रूप पत्र्याइतकेच कागदावर आणि छापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. १६४७ च्या सुमारापासून रेम्ब्रांट युरोपीय कागदाबरोबर जपानी कागदही वापरू लागला. त्या काळी जपानशी व्यापाराची मुभा असलेले युरोपीय केवळ डच होते. नागासाकी बंदरातील देजिमा या छोट्या बेटावर डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. हा कागद गुळगुळीत, मऊ आणि पिवळसर झाकेचा असतो. तो शाई अलगद उचलतो, त्यामुळे बरेची छटा त्यावर खुलून दिसते, आणि पिवळसर झाकेमुळे कोऱ्या जागेला उबदारपणा येतो. मोगल लघुचित्रे पाहून रेम्ब्रांटने केलेली सुमारे दोन डझन रेखाटनेही अशाच आशियाई कागदावर आहेत.

पत्रा पुसताना शाई पूर्ण काढली तर कोरी जागा लख्ख पांढरी येते. शाईचा पातळ पापुद्रा मुद्दाम ठेवला तर तिथे करडी झाक उमटते. तिला पृष्ठछटा म्हणतात. एकाच पत्र्याचा एक छाप भर दुपारचा आणि दुसरा दिवस कलल्यावरचा वाटावा, इतका फरक पुसण्याच्या पद्धतीने पडू शकतो. रेम्ब्रांट या फरकाशी जाणीवपूर्वक प्रयोग करीत असे.

छापांची झीज

बर नाजूक असते. प्रत्येक छापाच्या वेळी पत्रा पुसला जातो आणि नंतर दाबयंत्राच्या रुळाखालून जातो. प्रत्येक वेळी बर थोडी मोडते, थोडी दबते. तांब्याच्या पत्र्यावरून पहिल्या दहा-वीस छापांपर्यंतच तिचा पूर्ण जोर राहतो. पुढे रेषेभोवतीची छटा उतरत जाते आणि शेवटी सुईचा बारीक ओरखडा तेवढा उरतो. अम्लरेखनाची रेषा खोल असल्याने तिचे शेकडो छाप निघू शकतात. ड्रायपॉइंटचे आयुष्य त्या मानाने फारच थोडे आहे.

वृक्ष आणि ऊन हा विषय असलेल्या चित्रात या झिजेचा परिणाम दूरगामी होतो. उशिराच्या छापात सावली फिकट पडते. सावली फिकट पडली की कोरा कागद उन्हाचा वाटेनासा होतो, तो केवळ रिकामा दिसू लागतो. झाडीचा गाभा पोकळ होतो, जवळचे आणि दूरचे यांतील अंतर मिटते. रेषा सर्व जागच्या जागी असतात, पण ज्यासाठी त्या ओढल्या होत्या ते ऊन निघून गेलेले असते. तेव्हा 'हे चित्र कसे आहे' या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी 'कोणता छाप पाहिला' यावर अवलंबून राहते.

रेम्ब्रांटच्या मृत्यूनंतर या गोष्टीला ऐतिहासिक महत्त्व आले. त्याचे कित्येक पत्रे शाबूत राहिले आणि हस्तांतरित होत गेले. ॲम्स्टरडॅमचा चित्रविक्रेता क्लेमेंट दे योंघे याच्या मालमत्तेच्या १६७९ च्या यादीत त्याचे ७४ पत्रे नोंदलेले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचा विक्रेता प्येर-फ्रांस्वा बाझां याच्याकडे असे अनेक पत्रे आले. त्याने व त्याच्या वारसांनी ते दुरुस्त करून, रेषा पुन्हा खोदून, नव्याने छाप काढले. १९०६ मध्येही जुन्या पत्र्यांवरून छाप काढण्यात आले. अशा उत्तरकालीन छापांवर रेषा रेम्ब्रांटच्या असल्या तरी ड्रायपॉइंटची मूळ छटा बहुधा नसते, किंवा परक्या हाताने भरलेली असते. त्यांवरून त्याच्या छायाप्रकाशाविषयी मत बनवणे धोक्याचे ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तांब्याच्या पत्र्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा अत्यंत पातळ मुलामा देण्याची युक्ती रूढ झाली. तिला पोलादी मुलामा म्हणतात. त्यामुळे बर अधिक काळ टिकते. रेम्ब्रांटच्या काळी ही सोय नव्हती.

छाप ओळखण्याच्या खुणा

लवकरच्या छापात झाडीच्या अंतर्भागातील रेषा एकमेकींत मिसळून सलग काळा भाग तयार होतो आणि रेषांच्या कडा धूसर असतात. भिंगातून पाहिल्यास रेषेच्या मध्यभागी काही वेळा बारीक पांढरी फट व दोन्ही बाजूंना शाईचे काठ दिसतात, कारण बरेच्या बांधाने शाई अधिक धरलेली असते. उशिराच्या छापात प्रत्येक रेषा सुटी मोजता येते आणि सर्वत्र एकसारखी करडी दिसते.

चित्राचा आकारही ध्यानात घ्यावा लागतो. दुसऱ्या अवस्थेचे चित्र सुमारे १२ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद आहे. ते हातात धरून जवळून पाहण्यासाठी केलेले आहे. पुस्तकात किंवा पडद्यावर ते मोठे केले की रेषा जाड दिसतात आणि बरेची सूक्ष्म छटा डागासारखी वाटू लागते. छपाईत कागदाचा रंग पांढरा केला गेला तर मूळ उबदारपणाही हरवतो.

'तीन झाडे' या चित्राशी तुलना

रेम्ब्रांटचे सर्वांत प्रसिद्ध निसर्गविषयक मुद्राचित्र 'तीन झाडे' हे १६४३ मधील आहे. त्याचा आकार सुमारे २१३ × २७९ मिमी असून त्यात अम्लरेखन, ड्रायपॉइंट आणि ब्युरिन या तिन्हींचा वापर केलेला आहे. उजवीकडील उंचवट्यावर तीन झाडे उजळ आकाशासमोर काळसर उभी आहेत. डावीकडे वरच्या कोपऱ्यात कठोर तिरप्या रेषांनी पावसाची सर दाखवलेली आहे. दूरवर शहर दिसते. ते ॲम्स्टरडॅम असावे असे मानले जाते. पाण्याकाठी मासे धरणारा माणूस व त्याच्या शेजारी एक स्त्री आहे, टेकाडावर रेखाटन करीत बसलेला चित्रकार आहे आणि उजवीकडच्या गर्द झुडपात एक प्रेमी युगुल जवळजवळ अदृश्य आहे. वादळ येते आहे की सरते आहे, तीन झाडांत ख्रिस्ताच्या वधस्थानावरील तीन क्रूसांची सूचना आहे की नाही, याविषयी बरीच चर्चा झालेली आहे.

तेथील प्रकाश नाट्यपूर्ण आहे. आकाशातील घडामोडीतून तो येतो आणि झाडे त्याला आडवी उभी राहतात. नऊ वर्षांनंतरच्या 'वृक्षसमूह आणि दूरदृश्य' या चित्रात आकाश कोरे आहे. सूर्य, मेघ, पाऊस यांपैकी काही रेखाटलेले नाही. ऊन आहे हे फक्त पानांवरून आणि त्यांच्या आतील सावलीवरून कळते. साधने तीनांवरून एकावर आली, प्रसंगही गळाले. तरी प्रकाशाचा प्रत्यय उणावला नाही. रेम्ब्रांटच्या उत्तरकाळातील कलेत अनावश्यक ते गाळण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिचे हे लहान पण स्पष्ट उदाहरण आहे.

या दोहोंच्या मध्ये १६४८ चे 'बुंध्याजवळ छाटलेल्या विलो वृक्षापाशी संत जेरोम' हे चित्र येते. त्यात म्हातारा वृक्ष काळजीपूर्वक अम्लरेखनाने काढला असून संताची आकृती व भोवताल हलक्या रेषांत आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष संताआधी झाडाकडे जाते. सुमारे १६५१ च्या 'झाडे, शेतघरे आणि मनोरा' या चित्रात अम्लरेखनाला ड्रायपॉइंटची जोड आहे. त्याच्या पहिल्या अवस्थांत मनोऱ्यावर घुमट होता. पुढे तो काढून टाकला गेला. झाडी आणि उजेड यांच्याशी स्पर्धा करणारा तपशील चित्रकाराने गाळला, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पूर्वपरंपरा

ड्रायपॉइंटचा पहिला मोठा कलावंत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऱ्हाइन नदीच्या परिसरात होऊन गेला. त्याचे नाव ज्ञात नाही. 'हाउसबुक मास्टर' या नावाने तो ओळखला जातो. त्याने तांब्याहून मऊ धातू वापरला असावा. त्याच्या मुद्राचित्रांचे फारच थोडे छाप उरले आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५१२ च्या सुमारास या तंत्रात मोजकी चित्रे केली. त्यांपैकी एकाचा विषय छाटलेल्या विलो वृक्षाशेजारी बसलेला संत जेरोम हाच आहे. उत्कीर्णनात असामान्य प्रभुत्व असलेला ड्यूरर ड्रायपॉइंटकडे पुन्हा फारसा वळला नाही. थोडक्या छापांत झिजणारा पत्रा विक्रीच्या दृष्टीने गैरसोयीचा होता, हे त्यामागील एक संभाव्य कारण मानले जाते. तीच उणीव रेम्ब्रांटने स्वीकारली. १६५३ चे 'तीन क्रूस' आणि १६५५ चे 'ख्रिस्ताला लोकांसमोर उभे करणे' ही त्याची भव्य ड्रायपॉइंट चित्रे 'वृक्षसमूह आणि दूरदृश्य' नंतरच्या तीनच वर्षांतील आहेत. पत्रा झिजू लागला की तो त्यात आमूलाग्र बदल करून नवी अवस्था निर्माण करी. लहान निसर्गदृश्यात आजमावलेले तंत्र त्याने तेथे मोठ्या विषयासाठी वापरले.

प्रभाव

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व फ्रान्समध्ये अम्लरेखनाचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा रेम्ब्रांटची निसर्गविषयक मुद्राचित्रे आदर्श मानली गेली. लंडनचे शल्यचिकित्सक व हौशी मुद्राचित्रकार फ्रान्सिस सीमूर हेडन (१८१८–१९१०) त्यांचे संग्राहक व अभ्यासक होते. ते पत्रे बरोबर घेऊन उघड्यावर रेखाटत. झाडांतून झिरपणारा सांजप्रकाश दाखवणारे त्यांचे 'सनसेट इन आयर्लंड' (१८६३) हे चित्र या परंपरेतील आहे. १८८० मध्ये त्यांनी मुद्राचित्रकारांची संस्था स्थापन केली. त्यांचे मेहुणे, अमेरिकन चित्रकार जेम्स मॅकनील व्हिसलर यांनीही ड्रायपॉइंटचा विपुल वापर केला. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटिश चित्रकार म्यूरहेड बोन यांनी या तंत्राला वास्तुदृश्यांसाठी नवे वळण दिले.

कलाशिक्षणात आजही मुद्राचित्रणाचा प्रारंभ अनेकदा ड्रायपॉइंटने केला जातो, कारण त्याला आम्लाची गरज नसते. तांब्याऐवजी जस्त, ॲल्युमिनियम किंवा पारदर्शक प्लास्टिकचा पत्राही वापरता येतो. या मऊ पृष्ठभागांवर बर आणखी लवकर दबते. त्यामुळे पहिले काही छाप जपून काढण्याचा धडा विद्यार्थ्याला पहिल्याच प्रयत्नात मिळतो.

संग्रह

या मुद्राचित्राचे छाप ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम, लंडनचे ब्रिटिश म्युझियम, न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट इत्यादी संग्रहालयांत आहेत. रेम्ब्रांटचे ॲम्स्टरडॅम येथील राहते घर १९११ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. तेथे त्याच्या मुद्राचित्रांचा मोठा संग्रह असून त्या काळच्या पद्धतीने पत्र्यावरून छाप कसा काढतात याची प्रात्यक्षिकेही दाखवली जातात. कागदावरील चित्रे सततच्या उजेडाने खराब होतात, म्हणून असे छाप बहुतेक ठिकाणी मंद प्रकाशात आणि मर्यादित काळासाठीच प्रदर्शित केले जातात.